ग्लू गन खाली ठेवा

आइस्क्रीमच्या काड्या स्टेशनरीच्या दुकानात पाकिटात मिळतात. या काड्यांना जन्मात कधी आइस्क्रीम लागलेलं नसतं. लाकूड कापायचं, घासायचं, पाकिटात भरायचं आणि थेट शाळेच्या 'टाकाऊतून टिकाऊ' प्रकल्पाला पाठवायचं. टाकाऊ ठरण्याआधी वस्तूने कशाला तरी उपयोगी पडलेलं असावं लागतं, तो मधला टप्पाच आपण गाळून टाकलाय.

माझ्या भाच्याला तिसरीत असा प्रकल्प होता. ताईने व्हॉट्सॲपवर यादी पाठवली, कारण माझ्या ऑफिसच्या वाटेवर मोठं दुकान लागतं. काड्यांची दोन पाकिटं, सहा रंगांत ग्लिटर ग्लू, चिकटवायचे मणी, सॅटिनची रिबीन, ग्लू गनमध्ये घालायच्या कांड्या आणि शेवटी 'पिस्त्याची टरफलं मिळाली तर बघ, नाहीतर पिस्तेच आण'. पिस्ते सोडून बिल झालं सहाशे चाळीस रुपये. या सगळ्यात टाकाऊ म्हणावी अशी एकच वस्तू होती, कोल्ड्रिंकची बाटली. तीही त्याच संध्याकाळी विकत आणली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून घाईघाईने रिकामी केली.

बाटली ताईने कापली, कारण कटर धोक्याचा. ग्लू गन ताईने चालवली, कारण ती पोळते. भाच्याने मणी लावले आणि तो झोपल्यावर त्यातले निम्मे ताईने सरळ केले. बाईंनी 'व्हेरी गुड' दिलं. वर्ष संपल्यावर फुलदाणी घरी परत आली, काही महिने शू रॅकवर उभी राहिली आणि दिवाळीच्या साफसफाईत कचऱ्यात गेली.

ताई हे वाचणार आहे, म्हणून आधीच सांगतो, माझा तिच्यावर राग नाही. फुलदाणीवरही नाही. माझा राग त्या घोषणेवर आहे. 'टाकाऊतून टिकाऊ' ऐकायला इतकी शहाणी वाटते की तिच्या आत काय चाललंय ते कुणी बघतच नाही. शाळांनी ती भिंतीवर रंगवली, रीलवाल्यांनी 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' म्हणून उचलली, कंपन्यांनी पर्यावरण दिनाला वापरली. तिच्या नावावर आपण रोज चांगला, विकला जाणारा माल खराब करतोय आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतोय.

'खराब करतोय' हा शब्द मी विचार करून वापरलाय. ती कोल्ड्रिंकची बाटली घ्या. ती 'पेट' नावाच्या प्लास्टिकची असते, आणि तळाशी त्रिकोणात १ हा आकडा असतो. आपल्याकडे या बाटलीला भाव आहे. कचरावेचक ती वेगळी काढतात, भंगारवाला किलोवर घेतो, पुढे तिचे बारीक तुकडे होतात, ते धुतले जातात आणि त्यातून बहुतेक वेळा पॉलिस्टरचा धागा निघतो. यातली एक पायरी मला फार आवडते. बाटलीचं झाकण वेगळ्या प्लास्टिकचं असतं. ते वेगळं कसं काढायचं? सगळे तुकडे पाण्याच्या टाकीत टाकायचे. पेट पाण्यापेक्षा जड, घनता साधारण १.३८, म्हणून ते तळाला बसतं. झाकणाचं प्लास्टिक हलकं, ते वर तरंगतं. सेन्सर नाही, एआय नाही, नुसतं पाणी.

आता याच बाटलीला ॲक्रिलिक रंग द्या, त्यावर गरम गोंदाने सुतळी गुंडाळा, सुतळीवर मणी लावा, मण्यांवर ग्लिटर शिंपडा. ती टाकीत टाकली तर काय तळाला बसेल आणि काय तरंगेल? तो प्रश्नच येत नाही, कारण ती टाकीपर्यंत पोहोचतच नाही. कचरा वेगळा करणारी बाई ती हातात घेते, एकदा बघते आणि बाजूला टाकते. सकाळी जिचे पैसे झाले असते, ती संध्याकाळी डेपोची धन झाली. मधल्या वेळात तिच्यावर खर्च झाले सहाशे चाळीस रुपये आणि एका आईचा अख्खा रविवार.

कागदाचंही तेच. रद्दीला भाव का असतो? तिचा पुन्हा लगदा होतो म्हणून. पण कागदावर गरम गोंदाचे थेंब असले तर ते लगद्यात विरघळत नाहीत. चिकट गोळ्या होऊन फिरत राहतात, जाळ्यांना चिकटतात, नव्या कागदावर डाग आणि भोकं पाडतात. कागद गिरण्यांत या गोळ्यांना 'स्टिकीज' असं नावच आहे. आणि ग्लिटर म्हणजे बहुतेक वेळा धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या पत्र्याचा भुगा. युरोपियन युनियनने सुट्या प्लास्टिक ग्लिटरची विक्री ऑक्टोबर २०२३ पासून बंद केली. आपण ते तिसरीच्या पोरांच्या हातात देतो आणि वर्गात विषय कोणता, तर 'पर्यावरण'.

पुण्यात १९९३ पासून कचरावेचकांची एक संघटना आहे. तिचं नाव, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. हे नाव एकदा मोठ्याने म्हणून बघा. कागद, काच, पत्रा. ही वर्गवारी आहे. या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या आहेत म्हणून त्यांना किंमत आहे, आणि त्या वेगळ्या करण्याच्या कामावर हजारो बायकांची घरं चालतात. आणि आपला आवडता रील काय शिकवतो? काचेची बाटली घ्या, तिला कागद चिकटवा, वर पत्र्याची फुलं लावा. कागद काच पत्रा, सगळं एकत्र, घट्ट, कायमचं. कुणाच्या तरी मजुरीवर आपण गोंद ओततोय आणि त्याला कला म्हणतोय.

थोडक्यात, माझं भांडण सांध्याशी आहे. वस्तू कशाची केली, किती सुंदर झाली, किती स्वस्तात झाली हे नंतर. आधी हे सांगा, ती जोडली कशी? आणि जोडलेली सुटते का? आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात दोन भाग असे चिकटून बसले की एक बदलायला दुसरा फोडावा लागतो, तर तो कोड रिव्ह्यूमधून परत येतो, निदान यावा अशी अपेक्षा असते. वस्तूंबद्दल हेच विल्यम मॅकडोनो या वास्तुविशारदाने आणि मायकेल ब्राउनगार्ट या रसायनशास्त्रज्ञाने 'क्रेडल टू क्रेडल' या २००२ च्या पुस्तकात मांडलं. मातीत परत जाणारा माल आणि कारखान्यात परत जाणारा माल असे एकत्र जखडले की दोन्हीकडे जाऊ शकत नाहीत, तेव्हा तयार होतो त्याला त्यांनी नाव दिलं राक्षसी संकर. सुतळी गुंडाळलेली पेट बाटली हा त्याचा घरगुती नमुना. त्यांना मोठ्या उद्योगांची काळजी होती. आपण तो उद्योग डायनिंग टेबलवर आणला.

मागे एका कंपनीत पर्यावरण दिनाला 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' स्पर्धा होती. मी तिथेच काम करायचो. पहिलं बक्षीस मोराला मिळालं. पिसारा प्लास्टिकच्या चमच्यांचा, पाठीला थर्माकोल. चमचे वापरलेले नव्हते, नवी पाकिटं फोडली होती, कारण वापरलेल्या चमच्यांना रंग नीट बसत नाही. आता गंमत बघा. प्लास्टिकच्या चमच्यांवर आणि सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे आणि ही स्पर्धा त्यानंतरची. म्हणजे बंदी असलेला माल नवा विकत आणून त्याचा राष्ट्रीय पक्षी केला, आणि हिरव्या फितीचं प्रमाणपत्र एचआरने लॅमिनेट करून दिलं. लॅमिनेट. कागदाला प्लास्टिक, कायमचं.

यावर नेहमीचं उत्तर येतं, 'अरे, पोरांना हाताने काहीतरी करू दे की! तेवढा वेळ मोबाइल तरी सुटतो.' मला हे शंभर टक्के मान्य आहे. हाताने करण्यासारखं दुसरं सुख नाही, आणि दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाला ते जास्तच कळतं. पण हाताने करायचं म्हणजे गोंद ओतायचा, हे कुणी ठरवलं?

पुण्यात राहून टाकाऊ वस्तूंबद्दल बोलायचं आणि अरविंद गुप्तांचं नाव घ्यायचं नाही, असं होऊ शकत नाही. आयआयटी कानपूरचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरी, तिथून होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाकडे वळलेला. पुढे आयुकातली मुक्तांगण विज्ञान शोधिका, २०१८ ला पद्मश्री. त्यांची सगळ्यात गाजलेली करामत म्हणजे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. ट्यूबचा छोटा तुकडा कापायचा, दोन्ही बाजूंनी गूल काढलेल्या काड्या खुपसायच्या, झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण करा, दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, दाबा, लगेच कलंडतो. पूल आणि टॉवर त्रिकोणांचेच का असतात, हे इथे बोटांना कळतं. मी इंजिनिअरिंगला हे पहिल्या वर्षी फळ्यावर शिकलो आणि परीक्षेपुरतं पाठ केलं.

पण माझ्यासाठी यातली खरी गोष्ट ती ट्यूब आहे. तिथे फेव्हिकॉल लावला असता तर एक त्रिकोण झाला असता. ट्यूब लावली म्हणून त्रिकोण होतो, चौकोन होतो, मोडतो, पिरॅमिड होतो, पुन्हा मोडतो. सांधा सुटतो म्हणून पोराला चुकता येतं. गोंदाने चुकता येत नाही, म्हणून तर ताईला रात्री बसून मणी सरळ करावे लागतात. आणि हो, व्हॉल्व्ह ट्यूबही विकतच आणावी लागते. मला विकत आणण्याचं वावडं नाही.

आपल्याकडे हे नवीनही नाही. जुन्या पद्धतीचा आकाशकंदील आठवा. बांबूच्या कामट्या, दोऱ्याने बांधलेल्या. त्यावर पतंगाचा कागद, घरी शिजवलेल्या खळीने डकवलेला. दिवाळी झाली की कागद फाडून टाकायचा आणि सांगाडा माळ्यावर. पुढच्या वर्षी तोच सांगाडा, नवा कागद, हवा तो रंग. यात टिकाऊ काय आहे? अर्धाच भाग, आणि तेवढाच टिकायला हवा. कागद तर फाटण्यासाठीच लावलेला. खळ म्हणजे पीठ आणि पाणी, तिचं काय होतं ते झुरळांना विचारा. याच्या जागी आता प्लास्टिकचा घडीचा कंदील येतो. तो वर्षभर ग्रिलला लटकून फिकट होत राहतो, कारण तो उतरवायचं कुणाला सुचत नाही.

किंवा दिवाळीतला किल्ला. विटा, दगड, वर पोतं, त्यावर चिखल, उतारावर आळीव नाहीतर मोहरी पेरायची, चार दिवसांत जंगल. सांधा कसला? चिखलाचा आणि गुरुत्वाकर्षणाचा. दिवाळी संपली की विटा जागेवर, माती कुंडीत. सोसायटीत आता तयार साच्यातले किल्ले येतात, पायऱ्या-बुरुजांसकट, रंगवलेले. पोरं त्यावर मावळे ठेवतात आणि फोटो काढतात. पावसाने कडा ढासळला म्हणून सकाळी उठून पुन्हा लिंपायला लागणं, हा त्यातला मुख्य उद्योग होता. तोच गेला.

गोधडीबद्दल लिहिताना जरा जपून लिहावं लागतं, कारण लगेच आजीच्या मायेची ऊब वगैरे सुरू होतं. गोधडी टंचाईतून आली. ती शिवताना पाठ मोडते, बोटांना सुया लागतात, डोळे जातात, आणि तो वेळ बायकांचाच जायचा. ते दिवस परत यावेत असं मला अजिबात वाटत नाही. पण तिची रचना बघा. आत-बाहेर जुनं सुती कापड, थरावर थर, आणि सगळं धरून ठेवणारा फक्त धावदोरा, जो ओढला की निघतो. वरचा थर विरला की त्यावर दुसरी साडी घालून पुन्हा शिवायची. जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते. तिला कुणी 'अपसायकलिंग' म्हणत नव्हतं. हल्ली ऑनलाइन जी 'हँडमेड गोधडी' मिळते, त्यातल्या काहींसाठी नवं कापड कापून त्याचे तुकडे करतात, तुकडे दिसावेत म्हणून. आइस्क्रीमच्या काड्यांचीच गोष्ट.

आता भेटवस्तूंकडे येतो. माझ्या वयाच्या लोकांना खरी लागण तिथेच आहे.

मला वाढदिवसाला तीन 'एक्स्प्लोजन बॉक्स' मिळालेत. झाकण काढलं की चारी भिंती उलगडतात, आत फोटो, फोटोखाली रिबीन, रिबिनीला चिठ्ठ्या. करणाऱ्याचे दोन-तीन दिवस त्यात गेलेले असतात. मी तो पाच मिनिटं बघितला, मनापासून खूश झालो आणि मग तो कपाटावर गेला. तो टाकता येत नाही, कारण मैत्रीचा प्रश्न आहे. वापरता येत नाही, कारण त्याचा काही वापरच नाही. रद्दीत देता येत नाही, कारण त्यात थर्माकोलचे गोळे, मोती आणि डबल टेप आहे. भाड्याच्या तीन घरांमधून मी ते तिन्ही बॉक्स पॅकर्सच्या खोक्यातून वाहून नेलेत. हाताने केलंय म्हणून ते स्वस्त, असं आपण धरून चालतो. देणाऱ्याला स्वस्त असेल, घेणाऱ्याला त्याचं भाडं भरावं लागतं.

याच्या शेजारी दुसरी भेट ठेवतो. हॉर्लिक्सच्या नाहीतर जॅमच्या काचेच्या बाटलीत भरलेलं लिंबाचं लोणचं, झाकणाखाली प्लास्टिकच्या पिशवीचा चौकोनी तुकडा, तेल गळू नये म्हणून. मराठी घरांत ही बाटली वर्षानुवर्षं फिरते. लोणचं घेऊन जाते, मेतकूट घेऊन परत येते, कारण रिकामी बाटली परत करायची नसते. तिला कुणी रंग दिला नाही, सुतळी गुंडाळली नाही, तिच्यात फेअरी लाइट्स सोडल्या नाहीत. बाटली बाटलीच राहिली. टाकाऊ बाटलीतून निघू शकणारी सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे धुतलेली बाटली. हे रीलला चालत नाही, मान्य आहे. तिला 'आधी' आणि 'नंतर' नाही.

गोंद अजिबात नको, असं मी म्हणत नाही. बुटाचा तळ निघाला, चिकटवा. बादलीला तडा गेला, एम-सील लावा. ग्लू गननेसुद्धा चार्जरच्या वायरचा फाटलेला गळा सावरता येतो, मी सावरलाय. दुरुस्तीला गोंद लागतो, कारण तिथे वस्तूचं आयुष्य वाढतं. माझा आक्षेप आहे तो धडधाकट वस्तूला चिकटवून मारण्याला.

आणि भेट द्यायचीच असेल, पैसे नसतील आणि हात शिवशिवत असतील, तर इंजिनिअरिंगच्या पोरांकडे अमाप खजिना पडलाय. सबमिशनच्या असाइनमेंट्स. एका बाजूला लिहिलेले, दुसऱ्या बाजूला कोरे, चांगल्या जाड कागदाचे गठ्ठे. स्टेपलच्या पिना काढा. आठ कागद एकात एक घालून मधोमध दुमडा. बांधणीवाले याला जुज म्हणतात. घडीवर तीन भोकं पाडा, एक मध्ये, एक वर, एक खाली. जाड दोरा सुईत ओवून आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतल्या बाजूने मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. आता दोन्ही टोकं आत आली. त्यांच्यामध्ये तो लांब टाका येईल अशी गाठ मारा. पुठ्ठ्यासाठी कुरिअरचा खोका आहे, त्यालाही पानांसोबतच टोचायचं. गोंद शून्य. वहीत उलटसुलट पानांवर तुमच्या अक्षरात थर्मोडायनॅमिक्स निघेल, ते राहू द्या, वाचणारा हसेल. वही भरली की दोरा कापायचा आणि कागद थेट रद्दीत.

बांधायला पहिल्या वर्षाच्या ग्राफिक्सच्या शीट्स घ्या. त्या भल्यामोठ्या शीटवर रात्र जागून काढलेले शंकू आणि षटकोनी प्रिझम असतात, आणि त्यांना दुसरा उपयोग आजपर्यंत कुणाला सापडलेला नाही. चित्र बाहेरच्या बाजूला येऊ द्या. सेलोटेप लावू नका. घडी नीट पडली तर लागत नाही, नाहीच राहिली तर सुतळीचा एक वेढा द्या आणि सरगाठ मारा, म्हणजे समोरच्याला कात्री शोधावी लागणार नाही. माझ्याकडे अजून अकरा शीट्स आहेत. ताईने भाच्याच्या यंदाच्या प्रकल्पासाठी दोन मागितल्यात. मी म्हटलं देतो, पण आधी कशासाठी ते सांग. तिने मेसेज वाचलाय, उत्तर अजून आलेलं नाही.